मातीतले नाणे कोणाचे?

२०२५ सालच्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडच्या शिवारात रात्रीच्या अंधारात जत्रा भरली होती. जत्रेत देव नव्हता, पालखी नव्हती. माणसांच्या हातात कुदळी, फावडी आणि चाळण्या होत्या. मोबाईलच्या उजेडात उभी शेते उकरली जात होती आणि काही जणांच्या हातात मेटल डिटेक्टर होते. 'छावा' हा चित्रपट त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला पडद्यावर आला होता. त्यात मोगलांचे श्रीमंत बुऱ्हाणपूर लोकांनी पाहिले. त्यातच महामार्गाच्या कामासाठी उकरलेली माती शेतात टाकली गेली आणि त्या मातीत सोन्याची नाणी सापडल्याची आवई उठली. मग काय विचारता? आजूबाजूच्या गावांतून लोक लोटले. अखेर प्रशासनाला आणि पोलिसांना धावावे लागले.

शहरातल्या शहाण्यांनी ही दृश्ये पाहिली आणि ते पोट धरून हसले. सिनेमा पाहून शेत उकरणारी अडाणी माणसे, अशी त्यांची टिंगल झाली. आम्हाला मात्र हसू आले नाही. ज्याच्या घरात उद्याच्या धान्याची शाश्वती आहे, तो रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या शेतात चाळण घेऊन बसत नाही. बुऱ्हाणपूर आमच्या जळगाव जिल्ह्याच्या शिवेला लागून आहे. आज जे तिथे झाले ते उद्या आमच्याकडे होणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. खरे तर ते आमच्याकडे सुरूच आहे. फक्त त्याचा व्हिडिओ निघालेला नाही.

काळे निघाले तर फेकून द्यायचे

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातील एका नदीकाठच्या गावी कार्यक्रमासाठी आम्ही गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर वस्तीतील एक तरुण जवळ आला. बारावीपर्यंत शिकलेला, दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी करणारा. त्याने खिशातून काडेपेटी काढली, उघडली आणि आमच्या तळहातावर चार काळपट चकत्या ठेवल्या. एकीवर सोंड उचललेला हत्ती स्पष्ट दिसत होता. ती शिशाची नाणी होती, सातवाहनांच्या काळातली.

"कुठे मिळाली?" आम्ही विचारले.

"पांढरीच्या रानात, सर. एक शेठ गाडी घेऊन येतो. मशीन त्याचंच हाय. रातच्याला मी फिरवतो. एका रातीचे पाचशे देतो."

"आणि सापडलेल्या वस्तू?"

"पिवळं निघालं तर शेठचं. पांढरं निघालं तरी शेठचं. काळं निघालं तर धुऱ्यावर फेकून द्यायचं. हे चार मी हत्ती बघून ठेवून घेतले."

वाचकहो, या चार वाक्यांत सगळे प्रकरण आले. यंत्र एकाचे, जागरण दुसऱ्याचे. सोने-चांदी एकाची, पकडला गेलाच तर तुरुंग दुसऱ्याचा. आणि ज्याला 'काळे' म्हणून धुऱ्यावर फेकले जाते, तो आमचा इतिहास.

जुन्या मराठी बोलीत गावाचे दोन भाग आहेत. पिकवायची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, चुली पेटल्या, घरे पडली, पुन्हा उभी राहिली. त्या राखेने आणि मातीने जमीन पांढरट झाली. अशा ओसाड पांढरीची टेकाडे मराठवाडा-विदर्भात आणि गोदावरी, प्रवरा, तेरणा या नद्यांच्या काठी जागोजाग आहेत. ही माती कसदार असते म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून आपल्या रानात नेऊन टाकतात. तिच्यासोबत नाणी, मणी, खापरे शेतात पसरतात. पहिल्या पावसाने माती धुतली की औताच्या मागे चालणाऱ्या माणसाला ती दिसतात. निंदणाऱ्या बाईच्या खुरप्याला लागतात. ही शोधमोहीम आमच्या मायबहिणी कधीपासून करीत आल्या आहेत. त्यांना कोणी संशोधक म्हटले नाही, एवढेच.

पुराणात नाही, पोटीनमध्ये आहे

शिशाच्या, तांब्याच्या, पोटीनच्या नाण्यांचे एवढे महत्त्व काय, असा सवाल कोणी करील. त्याचे उत्तर वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा या गावाने दिले आहे. १९३९ साली, हा भाग अकोला जिल्ह्यात असताना, तिथे सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. सोने नाही, चांदी नाही, नुसते पोटीन, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांचे मिश्रण. वासुदेव विष्णू मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला. त्या नाण्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे मिळाली. पुराणांनी ज्या राजवंशाच्या याद्या दिल्या, त्या याद्यांत ही नावे नाहीत. पोथीने जे सांगितले नाही ते शेतातल्या मातीने सांगितले. पोथी कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, कोणाला वगळून लिहिली, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच पोथीबाहेरचा पुरावा आमच्यासाठी सोन्याहून मोलाचा आहे.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. १३,००० हून अधिक नाणी. सगळी मुळात क्षत्रप राजा नहपानाची. परंतु त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूच्या चेहऱ्यावर आपली खूण! नहपानाचा पाडाव गौतमीपुत्राने केला, याचा याहून बोलका पुरावा कोणता? पण हा पुरावा एका नाण्यात नाही. तो संपूर्ण साठ्यात आहे. किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे, किती कोरी राहिली, हे मोजता आले म्हणून चित्र उभे राहिले. ही नाणी चार-चार, पाच-पाच करून वेगवेगळ्या शेठांकडे गेली असती, निम्मी मुशीत वितळली असती, तर तेरा हजार चांदीचे तुकडे उरले असते. इतिहास उरला नसता.

ही चांदी त्या काळी काय करीत होती, हेही त्रिरश्मी लेण्यांनी सांगून ठेवले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यातील भिक्खूसंघासाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून दिले. ते कुठे ठेवले? सावकाराकडे नाही, देवळात नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे! २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण झाले. त्यातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असा हिशेब दगडात कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी विणकर कामगारांच्या संघटनेवर राजाच्या जावयाचा एवढा विश्वास होता. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना तरी नाण्याचे मोल सांगावे लागू नये. नाणे म्हणजे नुसता धातूचा तुकडा नव्हे. कोणी कष्ट केले, कोणाची पत होती, कोणाचे राज्य आले आणि गेले, हे सांगणारा तो साक्षीदार आहे.

यंत्राला कोणता धातू कळतो?

मेटल डिटेक्टरला मराठीत धातुशोधक यंत्र म्हणतात. आम्हाला या शब्दाची गंमत वाटते आणि वाईटही वाटते. बौद्ध परंपरेत 'धातू' म्हणजे तथागतांचे, अर्हतांचे अवशेष. ते ज्याच्या पोटात जपले तो धातुगर्भ, म्हणजेच दागोबा. यंत्राला हा धातू कळत नाही. अस्थीच्या कणावर, मातीच्या पात्राच्या तुकड्यावर ते मुके राहते. त्यांच्याभोवती श्रद्धेने ठेवलेल्या सोन्याच्या फुलावर मात्र ते ओरडते. आणि ते ओरडले की कुदळ पडते.

नालासोपाऱ्याचा स्तूप आठवा. मातीच्या त्या टेकाडाला आसपासचे लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला राजा करणारी ही लोकांची आठवण! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. आत दगडी पेटी निघाली. पेटीत एकात एक बसवलेले करंडक होते, वेगवेगळ्या धातूंचे आणि स्फटिकाचे. अगदी आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. सोबत सोन्याची फुले, बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. ते एक नाणे जिथल्या तिथे सापडले, म्हणून स्तूपाच्या काळाबद्दल बोलता आले. तेच नाणे एखाद्या शेठच्या डबीत सापडले असते, तर ते फक्त 'यज्ञश्रीचे एक चांदीचे नाणे' राहिले असते.

आणि पिपरहवा? १८९८ साली तराईतील आपल्या जमिनीवरचे टेकाड विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने खोदविले. खोदणारे हात मजुरांचे होते. आत तथागतांच्या अस्थी असलेले पात्र आणि शेकडो रत्ने निघाली. अस्थी सयामच्या राजाला भेट गेल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि एक वाटा जमीनदाराच्या घरी राहिला. तो वाटा सव्वाशे वर्षांनी, मे २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये लिलावाला काढण्यात आला. जगभरातल्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. आनंदाची गोष्ट आहे. परंतु हाँगकाँगचा लिलाव साऱ्या जगाला दिसला. आमच्या पांढरीच्या रानात रोज रात्री होणारा लिलाव कोणाला दिसतो? तिथे नोटीस कोण देणार?

भोक पडते ते मातीत नाही

या यंत्राचे काम साधे आहे. त्याच्या तबकडीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात, धातूला लागल्या की परत खूण देतात आणि कानात आवाज होतो. नाण्याएवढी लहान वस्तू वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत कळते. आमच्या काळ्या मातीत लोहाचे अंश जास्त, म्हणून खोटे आवाजही पुष्कळ. दहा ठिकाणी खोदावे तेव्हा नऊ ठिकाणी बैलाच्या पायाची पत्री, फाळाचा तुकडा, बाटलीचे बूच नाहीतर गुटख्याच्या पुडीची चांदी निघते. पण भोके दहाही पडतात.

ही भोके मातीत पडली असती तर पहिल्या पावसात बुजली असती. ती काळाच्या थरांत पडतात. जमिनीत खाली जावे तसा काळ मागे जातो. कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या विटेखाली वस्तू होती, यावरून तिचे वय ठरते. नाणे काढून घेतले आणि थर विस्कटला, की साक्षीदाराची जीभ कापली जाते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. भारताच्या प्राचीन कलेतील ती अजोड शिल्पे मानली जातात. ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली असावीत, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. काहींनी त्यातील धातूच्या घडणीवरून शंका घेतली आहे. वाद का? कारण ती रीतसर उत्खननात, ठरलेल्या थरातून निघालेली नाहीत. पुढे तिथे शास्त्रशुद्ध उत्खनने झाली, मोठमोठे अहवाल निघाले, तरी तो एक प्रश्न राहिलाच.

यात छबू भिल यांचा दोष काडीचाही नाही. मूळ खणणाऱ्या माणसाने थर मोजावा, अशी अपेक्षा कोण करील? उलट ती शिल्पे जगापुढे आली याचे श्रेय त्यांना आहे. आमचा सवाल वेगळा आहे. शाळेच्या पुस्तकात दायमाबादचा रथ पाहिलेल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? एका आदिवासी माणसाच्या हाताने देशाला चार हजार वर्षांपूर्वीची ओळख दिली असेल, तर संग्रहालयातल्या काचेखालच्या पाटीवर त्याचे नाव ठळक अक्षरांत का असू नये?

दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा

आता कायद्याकडे वळू. जमिनीत सापडलेल्या धनासाठी आजही इंग्रजांच्या काळातला १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. न कळवल्यास त्याचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. धनाचा कोणी मालक नाही असे ठरले आणि जमीन दुसऱ्याची असली, तर दोघांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. कागदावर हे वाचून बरे वाटते. बांधावरच्या किती मजुरांना ठाऊक आहे की कायदा त्यांना बारा आणे देतो आणि मालकाला चार आणे? कोणी सांगितलेच नाही.

परंतु खरी मेख पुढे आहे. सरकारला ते धन हवे असेल, तर वस्तूतल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढे देऊन ते घेता येते. धातूची किंमत! हिशेब करा. पाच ग्रॅमची २०० शिशाची नाणी म्हणजे एक किलो शिसे. भंगाराच्या बाजारात भाव किलोला दोनशे रुपयांच्या आसपास. त्यावर एक पंचमांश म्हणजे ४० रुपये. सातवाहन राजांच्या दोनशे नाण्यांचे मोल झाले २४० रुपये! एका दिवसाची मजुरीसुद्धा नाही. शिवाय ही माहिती द्यायची तर तहसीलला खेटे, पंचनामा, पोलिसांचे प्रश्न, आणि "अजून किती लपवलेस?" हा दरडावणीचा सूर. वस्तीतल्या माणसाला तर तो सूर जन्मापासून ओळखीचा आहे.

मग तो काय करतो? सोने असेल तर रातोरात सराफाची मूस. चांदी असेल तर शेठ. शिसे असेल तर धुरा. कायद्याने धन वाचवायचे होते. प्रत्यक्षात तोच कायदा माणसाला मुशीकडे ढकलतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करण्यास मनाई केली, खासगी व्यक्तीने त्या परदेशी नेण्यास बंदी घातली. चांगले केले. पण त्या कायद्याचा हात शेठच्या गाडीपर्यंत पोचण्याआधी मजुराच्या मानेपर्यंत पोचतो, हा आमचा अनुभव आहे.

इंग्रजांनी आपल्याला १८७८ चा कायदा दिला आणि स्वतःच्या देशात मात्र १९९६ साली नवा केला. तिथे मेटल डिटेक्टर घेऊन शेते धुंडाळण्याचा छंद हजारो लोकांना आहे. शेतमालकाची परवानगी घ्यावी लागते, संरक्षित जागी यंत्र नेता येत नाही आणि कायद्यात बसणारा खजिना सापडला की कळवणे बंधनकारक आहे. संग्रहालयाने तो घ्यायचा ठरवला, तर त्याची बाजारभावाने किंमत ठरते. धातूच्या भावाने नव्हे. ती रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. २००९ साली स्टॅफर्डशायरमधील एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा मोठा साठा निघाला. त्याची किंमत सुमारे ३३ लाख पौंड ठरली आणि ती दोघांत निम्मी-निम्मी झाली. २०१० साली फ्रोम गावाजवळ इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या डेव्ह क्रिस्प यांना जमिनीत पुरलेले मडके लागले. त्यांनी ते उपसले नाही. हात थांबवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. मडके थराथराने उघडले गेले आणि त्यातून रोमन काळची ५२,५०३ नाणी मोजून निघाली. कोणते नाणे आधी पडले, कोणते नंतर, हेसुद्धा कळले.

तिथे सगळे साधुसंत आहेत असे नाही. रात्री चोरून खणणारे तिथेही आहेत. २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळचा खजिना काढला आणि लपवून विकला. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज होता, हाती लागली ३१. २०१९ साली न्यायालयाने एकाला दहा वर्षांची आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मान आणि मोबदला, लपवणाऱ्याला तुरुंग. आमच्याकडे कळवणाऱ्याला भंगाराचा भाव आणि लपवणाऱ्याला बाजारभाव! अशाने प्रामाणिकपणा टिकेल कसा?

यंत्र आले, भगत गेला नाही

एका गोष्टीवर आम्हाला आपल्याच लोकांशी स्पष्ट बोलले पाहिजे. गुप्तधनाचे वेड जुने आहे. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, धनावर नाग बसलेला असतो, त्याला बळी लागतो, या थापांनी महाराष्ट्रात किती घरे उद्ध्वस्त झाली! कोवळ्या मुलांचे जीव गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला आणि गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार गुन्हा ठरले. आता हातात यंत्र आले म्हणून आपण विज्ञानवादी झालो, असे कोणी समजू नये. यंत्र विकणारे "इतक्या फुटांवरचे सोने दाखवतो" अशी जाहिरात करतात आणि कर्ज काढून ते घेणारे भोळे भेटतात. काल भगत लिंबू फिरवायचा, आज शेठ तबकडी फिरवतो. फुकटच्या धनाची आशा तीच. आम्हाला कोणी पुरून ठेवलेले धन तारणार नाही. आम्हाला शिक्षणाने तारले आहे.

तसेच, सापडलेली प्रत्येक मूर्ती बुद्धाची आणि प्रत्येक टेकाड स्तूपाचे, असे पुराव्याशिवाय म्हणण्याची घाईही नको. आमची बाजू पुराव्याची आहे. म्हणूनच पुरावा जिथे आहे तिथे, जसा आहे तसा राहिला पाहिजे. तो विस्कटला तर नुकसान शेठचे नाही, आमचे आहे.

मागणी आणि कर्तव्य

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. १८७८ चा कायदा बदला. धातूच्या भावाऐवजी वस्तूचे खरे मोल ठरवा. जमीन कोणाचीही असो, सापडणाऱ्या शेतमजुराचा, निंदणाऱ्या बाईचा हिस्सा तिच्या हातात पडेल अशी तरतूद करा. प्रत्येक तालुक्याला शेतातल्या वस्तूंची नोंद करणारा एक प्रशिक्षित माणूस द्या, जो पोलीस नसेल. पांढरीच्या जागांची यादी करा आणि तिथे यंत्र फिरवणाऱ्याच्या मागे असलेल्या गाडीवाल्याला आधी पकडा. संग्रहालयाच्या पाटीवर सापडणाऱ्याचे नाव लिहा.

हे अशक्य नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात आणि शिवारात मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमा केल्या. त्या विकल्या नाहीत. आज त्यांच्या नावाने तिथे शासकीय संग्रहालय उभे आहे आणि प्राचीन तगर नगरीचे वैभव गावातच पाहायला मिळते. एका माणसाने जे केले ते शासनाला का जमू नये?

आणि कर्तव्य आपले. प्रत्येक बुद्धविहारात एक साधी वही ठेवा. शेतात काही सापडले तर गाव, गट क्रमांक, किती खोलीवर, कोणत्या दिवशी, कोणाला, हे लिहा. फोटो काढा. वस्तू चिंचेने, अॅसिडने घासू नका. जास्त खणू नका. जिल्हाधिकाऱ्याच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. एकट्याने जाऊ नका, पाच जण मिळून जा. एकट्या माणसाला दरडावता येते, पाच जणांना नाही.

त्या तरुणाला आम्ही त्या रात्री एवढेच सांगितले. चार नाण्यांची नोंद आम्ही त्याच्याच हाताने करून घेतली. अर्जाचा मसुदा त्याच्यासोबत बसून लिहिला. 'सापडणाऱ्याचे नाव' या जागी स्वतःचे नाव लिहिताना तो थोडा थांबला. म्हणाला, "सर, हे नाव ऱ्हाईल ना?"

त्याचे उत्तर आम्ही एकट्याने देऊ शकत नाही. ते शासनाने द्यायचे आहे, संग्रहालयाने द्यायचे आहे आणि आपण सर्वांनी मिळून त्यांच्याकडून वसूल करायचे आहे. गावाची शीव दाखवायला पूर्वी महारालाच बोलावत. त्याची साक्ष चाले. आता मातीतून इतिहास दाखवणारा माणूसही तोच असेल, तर या वेळी त्याचे नाव कागदावरून पुसले जाता कामा नये.

जयभीम!